बेळगावहून तीन दिवसांचा किल्ल्यांचा ट्रेक: गाइड घ्यावा का, मुक्काम कुठे?

गाइड घ्याच, पण त्याच भागातल्या गावचा. पायवाटा फुटतात तिथे मोबाइलच्या नकाशाचा उपयोग होत नाही.

पहिल्या दिवशी सकाळीच येळ्ळूरचा राजहंसगड करा, दोन तासांत होतो. मग शिनोळीवरून देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आणि वर महिपाळगड. गडावरच गाव आहे, त्यामुळे मुक्कामाची सोय विचारून होते. दुसऱ्या दिवशी कलानिधीगड.

तिसरा दिवस मात्र पूर्ण पारगडाला द्या, घाई नको. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा इथले किल्लेदार. त्यांचे वंशज आजही गडावर राहतात. पहाटे दगडी पायऱ्या दवाने ओल्या असतात, बुटांना चांगली पकड हवी. धुकं उतरलं की दहा पायऱ्यांपुढचं दिसत नाही आणि भवानी मंदिराची घंटा तेवढी ऐकू येते. तंबू लावायचा तर आधी गावकऱ्यांना विचारा.

खानापूर तालुक्यातला भीमगड यात घुसडू नका. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा. गडांमधलं अंतर मोठं आहे, तेवढ्यासाठी गाडी ठरवा.