चीनहून आलेल्या पुड्यांचं करायचं काय?

मागच्या अंकात चिनी घरांत सूपमध्ये सुकी फळं आणि मुळ्या टाकतात एवढंच लिहिलं होतं, तर त्यावर बरेच प्रश्न आलेत. त्यातले पाच घेतलेत. गाड्यावरचं चायनीज, म्हणजे शेजवान, मंचुरियन वगैरे, यात काहीच नाही हे आधीच सांगते, नाहीतर परत पत्र येईल की सोया सॉस कुठाय म्हणून.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): मुलगा कंपनीच्या कामाने ग्वांगझोला गेलेला, येताना पाच पुड्या घेऊन आलाय. एकीत लाल सुरकुतलेली बोरं, एकीत बारीक केशरी मणी, एकीत तपकिरी कवचाची गोल फळं, एकीत पांढरं वाळकं फूल आणि एकीत चक्क लाकडाच्या चपट्या कपट्या. लेबल सगळं चिनीत. ताई, टाकून देऊ का?

उत्तर: अहो टाकताय कुठं, चांगला माल आहे तो! लाल बोरं म्हणजे हाँगझाओ, आपल्या बोराच्याच कुळातलं झाड, फक्त त्यांचं फळ गोड आणि गरदार. केशरी मणी गोजी, वांगी-टोमॅटोच्या घरातलं, निंगशिया भागातलं जास्त नावाजलेलं. तपकिरी गोल ते लाँगन, लिचीचं भावंड, कवच बोटाने दाबलं की फुटतं आणि आत काळपट गोड गर बीला चिकटलेला असतो, त्याला जरा धुरकट वास येतो, तो माल खराब झाल्याचा नाही. (आपला रिठाही त्याच कुळातला, पण तो सूपमध्ये नको बरं का.) पांढरं फूल हे फूल नाहीच, मशरूमच्या जातीतली बुरशी आहे, यिनअर म्हणतात. कपट्या म्हणजे बहुतेक ह्वांगची नावाचं मूळ, आइस्क्रीमच्या काडीसारखं दिसतं. पण मुळ्यांच्या बाबतीत अंदाजाने जाऊ नका, मोबाईलचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर वाचा आणि नाव जुळलं तरच वापरा.

आता करायचं काय ते. ग्वांगझो ज्या ग्वांगडाँग प्रांतात आहे तिथं दोन-तीन तास मंद आचेवर सूप ठेवायची पद्धत घरोघरी आहे. गावरान कोंबडीचे तुकडे गार पाण्यात घालून उकळी आणा, तीन-चार मिनिटांत वर करडा फेस येतो, ते पाणी सरळ ओतून द्या आणि तुकडे धुऊन घ्या. आपल्या बायकांना हे बघवत नाही, चव गेली की सगळी असं वाटतं, पण याच्याशिवाय सूप नितळ होत नाही. मग दोन लिटर नवीन पाणी, आल्याच्या चार-पाच चकत्या, बी काढलेली आठ-दहा लाल बोरं, सोललेले चार-पाच लाँगन आणि ह्वांगचीच्या साताठ काड्या, वजनात साधारण दहा ग्रॅम. एक उकळी आली की गॅस एकदम बारीक, नुसते बुडबुडे येत राहिले पाहिजेत. दोन तासांनी मीठ. गोजी अगदी शेवटी, उतरवायच्या दहा मिनिटं आधी, कारण आधी टाकली की फुटून लगदा होतो आणि आंबट उतरते. काड्या काढून टाका, त्या चावायच्या नसतात. फोडणी नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्या दिवशी कपाटातच राहू द्या. पहिला घोट घेऊन घरचे म्हणतील हे आळणी आहे. म्हणू देत, दुसऱ्या वाटीला बोलायचे बंद होतात.

यिनअरचं गोड करा. गार पाण्यात तासभर भिजवलं की चांगलंच फुगतं, मग मागचा पिवळा कडक देठ कात्रीने कापून टाकायचा, बाकीचं हाताने बारीक तोडायचं आणि लाल बोरांबरोबर दीड-दोन तास शिजवायचं. पाण्याला चिकटसर दाटपणा आला की झालं. गोडीला खडीसाखर, तेही मूळ चिनीच पद्धतीने बरं का, ते लोक यात खडीसाखरच घालतात. एक मात्र नीट वाचा: यिनअर रात्रभर बाहेर भिजत ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. भिजलेल्या बुरशीत एका प्रकारचे जिवाणू वाढून विष तयार होऊ शकतं आणि ते उकळून मरत नाही, चीनमध्ये यातून माणसं गेलेली आहेत. भिजवायचं, लगेच शिजवायचं, उरलं तर फ्रीजमध्ये.

प्रश्न (तासगाव): आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. चिनी लोक स्वयंपाकात बेदाणा वापरतात का आणि आमचा त्यात चालंल का?

उत्तर: चालतो की, न चालायला काय झालं. चीनचा बेदाणा मुख्यतः शिनजियांगच्या तुर्फानचा, तो भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि उन्हाळ्यात नुसती भट्टी. तिथं मातीच्या विटांची घरं बांधतात, भिंतीत एक वीट सोडून एक भोक ठेवलेलं, आत लाकडी मांडणीवर द्राक्षाचे घड टांगायचे आणि गरम कोरडा वारा भोकातून आरपार जाऊन सावलीतच महिनाभरात बेदाणा होतो. तुमच्या रॅकवरही सावलीतच वाळतो, फक्त तुम्ही डिपिंग करून, म्हणजे घड द्रावणात बुडवून, सालीवरचा मेणाचा थर घालवता म्हणून पंधरा-वीस दिवसांत माल निघतो.

तो जातो कशात, तर त्यांच्या नवीन वर्षाला आठ जिन्नसांचा गोड भात करतात, बाबाओ फान. वाटीला आतून तूप (मुळात डुकराची चरबी), तळाशी बेदाणा, लाल बोरं, कमळबी यांची नक्षी मांडायची, वर शिजवलेला चिकट भात, मधे गोड वाटलेल्या लाल कडधान्याचं सारण, परत भात, आणि वाफवून ताटात उपडी करायची. चिकट तांदूळ इथं सहज मिळत नाही, आंबेमोहोर जरा जास्त पाण्यात शिजवा, भागतं. बेदाणा गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक असेल तर आधी कोमट पाण्यात धुऊन घ्या, कारण वाफेवर तो वास वर येतो. घरी खायला ठेवलेला बिनधुरीचा काळसर माल असतो ना तुमच्याकडे, तो या भाताला जास्त चांगला.

प्रश्न (कराड): आम्ही माळकरी, कोंबडी-बिंबडी चालत नाही. आमच्यासाठी काय? आणि कमळबी म्हणजे मखानाच ना?

उत्तर: नाही, मखाना वेगळ्या पाणवनस्पतीचं बी, भाजून फोडलेलं. गंमत म्हणजे तेही चीनमध्ये न फोडता सूपमध्ये जातं. कमळबी कमळाचंच, कडक असतं, भिजवून दोन दळं करा आणि आतला हिरवा कोंब काढून टाका, तो राहिला तर अख्खं पातेलं कडू.

तुमच्यासाठी लाबा लापशी. चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी करतात, बहुतेक आपल्या संक्रांतीच्या आगंमागं येतो तो दिवस. तिकडे ही तिथी बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीची मानतात आणि गोष्ट आपल्या ओळखीचीच, सुजाताने दिलेल्या खिरीची. बीजिंगच्या योंगहगोंग मंदिरात त्या दिवशी लोकांना वाटतात. तांदूळ, राळं, लाल चवळी, शेंगदाणे, अक्रोड, कमळबी, लाल बोरं, बेदाणा. कडधान्य आणि कमळबी रात्री भिजवा, सकाळी शेंगदाण्यांबरोबर आधी तेच शिजवायला घ्या, मऊ पडायला आलं की तांदूळ-राळं आणि बोरं, बेदाणा शेवटच्या पंधरा मिनिटांत. लाल बोरं नसली तर खारीक चालेल, पण साखर कमी करा, खारीक जास्त गोड. हा क्रम तेवढा पाळा, जिन्नस दोन कमी असले तरी बिघडत नाही.

प्रश्न (मिरज): सासऱ्यांचं हार्टचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. नातेवाईक म्हणतात चिनी मुळ्यांचं सूप द्या, ताकद येते.

उत्तर: नका देऊ. डांगग्वे नावाचं मूळ आणि गोजी, दोन्हींचा वॉरफरिनसारख्या गोळीशी संबंध येतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. बीपी असलेल्याला ज्येष्ठमध घातलेलं सूपही रोज नको आणि गरोदर बाईला डांगग्वे नकोच. चीनच्या आरोग्य खात्याने 2002 साली अन्न आणि औषध दोन्ही म्हणून चालणाऱ्या 87 जिन्नसांची यादी काढली, त्यात लाल बोरं, गोजी, लाँगन, कमळबी आहेत, पण यादीत असणं म्हणजे कुणालाही कितीही देणं नव्हे. डॉक्टरांना पुडी दाखवा, नुसतं नाव सांगू नका. तोवर साधं आल्याचं, भाज्यांचं सूप द्या, मीठ डॉक्टर सांगतील तेवढं.

प्रश्न (सातारा): सिचुआन मिरी ऐवजी तिरफळ चालेल का? आणि संत्र्याची साल वाळवून टाकली तर?

उत्तर: तिरफळ चालेल, एकाच कुळातलं आहे. दोन्हींत टरफल वापरायचं, आतलं काळं बी फेकायचं, आणि तव्यावर जरा शेकून कुटायचं. जिभेला मुंग्या तिरफळानेही येतात, पण वास जरा वेगळा, म्हणून अर्ध्या प्रमाणाने सुरुवात करा.

सालीचं म्हणाल तर ग्वांगडाँगमधल्या शिनहुईत ती किमान तीन वर्षं मुरवतात, तेव्हा कुठं तिला चेनपी म्हणतात. घरची महिन्याभराची साल तेवढी सौम्य लागणार नाही, तिखट-कडसर लागेल, तरी लाल चवळीच्या गोड सूपमध्ये बोटाएवढा तुकडा बरा लागतो. आधी भिजवून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा. आणि साल विकतच्या चकचकीत संत्र्याची नको, त्यावर मेण लावलेलं असतं. बागेतून थेट आलेली कुणाकडून मिळाली तर तीच वाळवा.