मध्यम किमतीचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताना नेमकं काय तपासायचं?

तुम्ही विचारलंय की मध्यम किमतीच्या दोन वायरलेस ओव्हर-इअर जोड्यांमधून एक निवडायची आहे. एकीच्या खोक्यावर '५० डेसिबलपर्यंत' गोंगाट कमी होतो असं छापलंय, दुसरीवर ३५. पहिलीत एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून गाणं आकुंचित करून पाठवण्याची एक पद्धत) आहे, दुसरीत नाही. तुम्हाला चष्मा आहे, बसने रोजचं जाणं-येणं आहे आणि ऑफिसात दिवसभर कॉल असतात.

दोन्ही जोड्या चष्मा लावून डोक्यावर चढवा. जिची कुशन कानाभोवती कुठेही फट न ठेवता टेकतात, ती घ्या. ५० आणि ३५ या आकड्यांवर निर्णय सोडू नका. असं ठामपणे का म्हणते, ते सांगते.

हेडफोनमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. मूळ लहर आणि उलटी लहर एकमेकींना खोडतात. पण त्यासाठी दोन्ही अगदी एका वेळी कानाशी पोचायला हव्यात. समजा उलटी लहर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा आली. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे चूक फक्त एक टक्का. खोडणं जवळजवळ पूर्ण होतं. ५००० हर्ट्झच्या आवाजाचं आवर्तनच ०.२ मिलिसेकंदाचं. तिथे तेवढाच उशीर म्हणजे अर्धं आवर्तन, आणि मग ती लहर आवाज खोडण्याऐवजी त्यात भर घालते. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर इलेक्ट्रॉनिक्सचा फारसा उपयोग होत नाही. तिथून पुढचा आवाज अडवण्याचं काम कुशनचा फोम आणि कपाचं कवच करतं.

बसच्या इंजिनाची घरघर, एसीचा घुमणारा आवाज, पंखा हे सगळं खालच्या पट्टीतलं, त्यामुळे ते छान विरतं. माणसांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट, कीबोर्ड, हॉर्न हे बरंचसं वर राहतं. बोलण्यातला खर्ज कमी होतो, पण शब्द ज्यांमुळे कळतात ती व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. घरघर गेल्यावर शेजारच्याचं बोलणं कधी कधी उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. हेडफोन बिघडलेत असं समजून लोक ते परत करतात, पण यात बिघाड काहीच नसतो. हे तंत्र वाढलंच मुळी विमानातल्या घरघरीसाठी. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली, १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' विमान न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं तेव्हा वैमानिकांकडे त्यांच्या कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते, आणि १९८९ मध्ये ते वैमानिकांसाठी बाजारात आले.

आता खोक्यावरचे ५० डेसिबल. त्यातला 'पर्यंत' नीट वाचा. तो आकडा सहसा एखाद्या सोयीच्या फ्रिक्वेन्सीवरचा सर्वोच्च असतो, सगळ्या पट्टीची सरासरी नसतो. बघायचाच असेल तर स्वतंत्र मोजमाप करणाऱ्यांचा आलेख बघा आणि त्यातही ५० ते ३०० हर्ट्झचा भाग, कारण तुमची बस तिथे आहे. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मा आवाज झाल्यासारखी वाटते, त्यामुळे आलेखातला ३-४ डेसिबलचा फरक मनावर घेऊ नका. आणि तो आलेखही कुशन नीट बसलेल्या कृत्रिम डोक्यावर मोजलेला असतो. त्या डोक्याला चष्मा नसतो.

चष्म्याची काडी कुशनखाली जिथे जाते तिथे बारीक फट राहते. खालच्या पट्टीतला गोंगाट नेमका अशाच फटीतून आत शिरतो. शिवाय हेडफोनची उलटी लहर आणि गाण्यातला खर्ज त्याच फटीतून बाहेर निसटतो. म्हणजे एका फटीने कॅन्सलिंगही जातं आणि बासही जातो. ५० डेसिबलवाली जोडी तुमच्या डोक्यावर ३५ वालीपेक्षा कमी पडू शकते ती यामुळेच.

तपासायला काहीच साधन लागत नाही. एकसारखा बास असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच डोक्याकडे दाबा. बास लगेच वाढला किंवा बाहेरची घरघर आणखी कमी झाली, तर फट आहे. काही फरक पडला नाही तर कुशन नीट बसलंय. चष्म्याच्या काड्या जाड असतील तर खोल, मऊ मेमरी फोमची कुशन शोधा. घट्ट पट्टीने फट बुजते हे खरं, पण तीच पट्टी तासाभरात काड्या कानामागे रुतवते, आणि दिवसभराच्या कामात ते सोसत नाही. म्हणून पाच मिनिटांत मत बनवू नका, निदान एक मीटिंगभर घालून बसा. शांत दुकानात कॅन्सलिंगची परीक्षा होत नाही. परत करायची मुदत असेल तर घरी स्पीकरवर इंजिनाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावा आणि कॅन्सलिंग चालू-बंद करून बघा. मग खऱ्या बसमध्ये न्या. खड्ड्यातून जाताना काही जोड्यांमध्ये कानात धपकन आवाज होतो, तो फक्त तिथेच कळतो. कॅन्सलिंग चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं काहींना वाटतं. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो, पण तुम्हाला ते जाणवत असेल आणि चार-पाच दिवसांत सवय झाली नाही, तर ती जोडी तुमच्यासाठी नाही.

एलडॅकसाठी जास्त पैसे मोजू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो हे खरं, पण फोनलाही तो यावा लागतो. आयफोन तर एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक वापरतो. बसच्या आवाजात एएसी आणि एलडॅकमधला फरक ऐकू येणं फार अवघड आहे. काही मॉडेलमध्ये एलडॅक चालू केला की मल्टिपॉइंट, म्हणजे एका वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय, बंद होतो, आणि लॅपटॉप व फोन एकाच वेळी जोडलेले असणं तुम्हाला कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

कॉलबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानासाठी असतं. समोरच्याला तुमचा आवाज किती स्वच्छ जातो हे वेगळं प्रकरण आहे, आणि मध्यम किमतीत कंपन्या काटकसर करतात ती बहुधा इथेच. पंखा लावून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. दुसरं म्हणजे लॅपटॉपवर हेडफोनचा माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ कॉलच्या प्रोफाइलवर जातं, आणि तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर नोंदला जातो. म्हणून मीटिंग सुरू होताच सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं. महागड्या जोडीतही हेच होतं. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. कान बंद असले की आपण नकळत मोठ्याने बोलतो, तेव्हा कॉलमध्ये ट्रान्सपरन्सी मोड (माइकमधून बाहेरचा आवाज कानात येऊ देणारी सोय) लावता येतो का, हेही बघून घ्या.

बॅटरीची चिंता करू नका. जाहिरातीतले तास अनेकदा कॅन्सलिंग बंद ठेवून मोजलेले असतात, पण चालू ठेवूनही या वर्गातल्या बहुतेक जोड्या दोन-तीन दिवस ऑफिस सहज काढतात.

नीट बसणाऱ्या कुशनवर मी इतका भर देते, त्यामागे खरं कारण कानांच्या आरोग्याचं आहे. बसच्या गोंगाटावर मात करायला माणूस आवाज वाढवतच जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, पण ९० डेसिबलवर ती मर्यादा फक्त ४ तासांवर येते. रोजच्या प्रवासात ते ४ तास केव्हाच संपतात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. गोंगाट बाहेरच अडला तर हळू आवाजातही गाणं पूर्ण ऐकू येतं.

दोन्ही जोड्या सारख्याच छान बसल्या, तर जिची कुशन सुटी विकत मिळतात ती निवडा. घामाने वरचं कृत्रिम चामडं सोलतं, फोम चपटा होतो, आणि दर वेळी नवे हेडफोन घेण्यापेक्षा कुशन बदलणं फार स्वस्त पडतं.