वाचक विचारतात: फोंड्याहून सोफियाला, लॅपटॉप घेऊन

प्रश्न: ताई, मी गोव्यातल्या फोंड्याची, पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच टेस्टिंगचं काम करते. मैत्रीण म्हणते आसगाव-शिवोलीला लोक जेवढं भाडं मोजतात तेवढ्यात बल्गेरियात सोफियाला आरामात राहता येतं. टुरिस्ट व्हिसावर तीन महिने जाऊन तिथूनच काम करू का? आई नको म्हणते.

उत्तर: अगं, जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तिथं राहून आलेय आणि अजून आठवण येते, पण टुरिस्ट व्हिसावर काम करायचा बेत आधी सोड. बल्गेरिया आता शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, तिथं 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि ते फिरायला, नोकरी करायला नाही. उद्या कोणी विचारलं तर पुढचे व्हिसा अडू शकतात, तुझ्या वयात हा धोका कशाला घ्यायचा?

सरळ रस्ता आहे तो रिमोट काम करणाऱ्यांसाठीच्या परवान्याचा. आधी डी व्हिसा, म्हणजे जास्त दिवस राहायचा व्हिसा, काढायचा, मग एक वर्षाचा परवाना मिळतो, पण अट मोठी आहे, वर्षाचं उत्पन्न तिथल्या महिन्याच्या किमान पगाराच्या 50 पट, म्हणजे 31 हजार युरोच्या आसपास, आपले तीस लाखांच्या वर. तुझं तेवढं बसत असेल तरच पुढे जा, नाहीतर रजा टाकून पंधरा दिवस नुसती फिरून ये. आणि कंपनीकडून लेखी परवानगी आधी घे, मॅनेजर फोनवर 'हो चालेल' म्हणाला ती परवानगी नव्हे, क्लायंटचा डेटा देशाबाहेरून उघडायला बंदी असते बऱ्याच ठिकाणी. 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलीस तर तिथला टॅक्सही लागतो, सरसकट 10 टक्के, तेव्हा निघायच्या आधी सीएला भेट.

वेळेचं मात्र फार छान जमतं. उन्हाळ्यात सोफिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे जूनमध्ये तुझी साडेनऊ ते साडेसहाची शिफ्ट तिथं सकाळी सात ते दुपारी चार, आणि उजेड रात्री नऊपर्यंत! चारला लॅपटॉप मिटून मी जुन्या स्नानगृहाजवळच्या नळांवर जायची, जमिनीतून येणारं गरम पाणी, म्हातारी माणसं कॅन भरून नेतात, अगदी आपल्या केसरव्हाळच्या झरीची आठवण व्हायची.

घर बघताना मेट्रो जवळ आहे का ते बघ, म्लादोस्तसारख्या भागात जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या इमारती आहेत, बाहेरून रंग उडालेला पण आत ठीक. भाडं कमी दिसलं म्हणून लगेच हो म्हणू नकोस, हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल भाड्यात धरलंय का ते विचार, बर्फ पडतो तिथं, आपल्याला फोंड्यात पंख्याशिवाय झोप येत नाही. पहिल्यांदा जातेस तर एप्रिल-मेमध्ये जा.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तिथं तळघरात दुकानं असतात, त्यांची खिडकी फुटपाथला गुडघ्याएवढी, वाकून मागावं लागतं. मी दही मागितलं, बाईने मान आडवी हलवली, मी निघाले तर तिने हाक मारून डबा हातात दिला, तिथं आडवी मान म्हणजे होय आणि उभी म्हणजे नाही. म्हणून घरमालकाशी बोलताना मानेकडे बघू नकोस, तोंडाने 'दा' म्हणजे होय की 'ने' म्हणजे नाही ते ऐक, आणि मगच डिपॉझिट दे.