घर नातवाच्या नावावर करू का?

प्रश्न : माझा एकुलता एक मुलगा ३५ वर्षांचा, दारूच्या आहारी गेलेला. सून आजारपणात गेली, तेव्हापासून नातू माझ्याकडेच. आता दुसरीत आहे. मुलगा मधूनच उगवतो, पिऊन दंगा करतो, पैसे नाही दिले तर ‘पोराला घेऊन जातो’ म्हणतो. फ्लॅट यांच्या नावावर होता, यांच्यामागे सोसायटीने माझ्या नावावर केला. शेजारी म्हणतात, नातवाला बक्षीसपत्र करून द्या आणि मुलाकडून बाँडवर ‘मूल आजीकडेच राहील’ असं लिहून घ्या. करू का? मुलाला जेलमध्ये मात्र टाकायचं नाही मला.

उत्तर : काकू, बक्षीसपत्राचं आधी डोक्यातून काढा. तुमच्या यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्या फ्लॅटमध्ये मुलाचा हिस्सा आहेच. यजमानांच्या पश्चात तुम्ही दोघंच वारस असाल तर निम्मा. नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं, एवढ्यावरून मालकी मिळत नाही. दुसरी अडचण त्याहून वाईट. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मालमत्तेचा नैसर्गिक पालक बापच असतो. म्हणजे ज्याच्यापासून घर वाचवायचं, त्याच्याच हातात कारभार! विकायला त्याला कोर्टाची परवानगी लागेल. थोड्या वर्षांच्या भाडेकराराला लागत नाही. त्यापेक्षा तुमच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करा आणि नातू सज्ञान होईपर्यंत तो हिस्सा सांभाळायला भावाला किंवा भाच्याला नेमा.

पाचशेच्या बाँडला पुरावा म्हणून थोडीफार किंमत आहे, पालकत्व त्याने मिळत नाही. ते मिळतं १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली. अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. सोबतच नातवाच्या ताब्याचा अंतरिम, म्हणजे तात्पुरता हुकूम मागा. बाप हयात असताना तो अपात्र असल्याशिवाय कोर्ट दुसऱ्याला पालक नेमत नाही, म्हणून कागद जमवायला लागा : व्यसनमुक्ती केंद्राचे पेपर, ११२ला केलेल्या फोनची नोंद, तुमच्या नावाच्या फीच्या पावत्या. पालकसभेच्या रजिस्टरमध्ये दर वेळी तुमचीच सही असेल तर त्या पानांची प्रत शाळेकडून घ्या. असला साधा कागद कोर्टात फार बोलतो.

दंग्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. तो फक्त सुनांसाठी नाही, आईलाही मुलाविरुद्ध वापरता येतो. मुलाचा निम्मा हिस्सा असला तरी मॅजिस्ट्रेट त्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात. हा हुकूम दिवाणी स्वरूपाचा. मोडला तरच गुन्हा होतो. तेव्हा जेलची भीती आत्ताच नको.

बापलेकाची भेट बंद करा असं मात्र मागू नका. रविवारी, तुमच्यासमोर, न पिता आला तर भेट, असं अर्जात लिहा. कोर्टालाही ते पटतं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.