डिझेल पिकअपची बॅटरी सारखी उतरते, गॅरेजवाला अल्टरनेटर बदला म्हणतो. बदलू का?

एवढ्यात अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलू नका. आधी तुमच्या प्रश्नातलंच एक वाक्य परत वाचा.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2016 ची डिझेल पिकअप आहे, आठ महिन्यांत दुसरी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. रात्री हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो. गॅरेजवाल्याने अल्टरनेटरचे अकरा हजार सांगितलेत. आणि शेवटी जाता जाता, "हल्ली ब्रेकही जरा जड लागतो, पण तो वेगळा विषय." तो वेगळा विषय नाही हो. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

मी मेकॅनिक नाही. ओतूरच्या बाजूने भाजी भरून माळशेज उतरून कल्याण-वाशी करतो, गाडी स्वतःची आणि चालवणाराही मीच. चार्जिंगच्या भानगडीत एक बॅटरी आणि एक अल्टरनेटर विनाकारण बदलून बसलोय, ते खाली सांगतो.

पायाच्या थोड्या जोरातही ब्रेक नीट लागावा म्हणून बूस्टर असतो, आणि तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, हा व्हॅक्यूम आयता मिळतो. डिझेलला तो तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर असतो. बॉनेट उघडून बघा. अल्टरनेटरच्या मागे डबीसारखा भाग, त्यातून बूस्टरकडे जाणारी जाड नळी आणि इंजिन ऑइलच्या बारीक-जाड नळ्या दिसल्या, तर तुमच्याही गाडीत तीच रचना आहे. म्हणजे एकच बेल्ट चार्जिंगही करतो आणि ब्रेकला व्हॅक्यूमही देतो. दोन्ही एकदम बिघडलं की संशय दोघांच्या सामाईक गोष्टींवर घ्यायचा.

पहिला संशय बेल्टवर. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, दोन पुलींच्या मध्ये बेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक, लोंबत असेल तर ढिला. सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभर चीं चीं आवाज येऊन थांबतो का? सेल्फने बॅटरी पिळून काढलेली असते, ती भरायला अल्टरनेटरवर जोर येतो आणि ढिला बेल्ट नेमका तेव्हाच सरकतो. व्ही बेल्ट असेल तर पुलीच्या खाचेचा तळही बघा. तो आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट झिजून तळाला टेकलाय. असा बेल्ट कितीही ताणला तरी सरकणारच, नवाच टाका. आणि ताणायचा म्हणून तंबोऱ्याची तार करू नका, बेअरिंग जातं.

दुसरा संशय ऑइलवर. पंपाचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरच्या आत उतरतं. आतले कार्बन (करंट पोचवणारे कोळशाचे छोटे ठोकळे) ज्या तांब्याच्या रिंगांवर घासतात, तिथे कार्बनची पूड आणि ऑइल मिळून काजळासारखा चिकट लगदा बसतो. मग रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, करंट कधी मिळतो, कधी नाही. अल्टरनेटरच्या खालच्या जाळीतून बोट फिरवा. बोटाला काळं चिकट लागलं तर दुखणं सापडलं म्हणून समजा. अशा वेळी सील न बघता नुसता अल्टरनेटर बदलला तर नवाही काही दिवसांत ऑइल पिऊन बसेल आणि तुमचे अकरा हजार पाण्यात. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो खोलून धुऊन घ्या आणि सील, कार्बन बदलून घ्या. रिंगा खोल झिजल्या नसतील तर जुनाच अजून पुष्कळ चालतो.

हे होईपर्यंत माल भरून घाटात जाऊ नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

बेल्ट आणि सील दोन्ही चोख निघाले तर मीटर काढा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी फिरवायच्या आधी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच. मग गाडी सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, कुणाला तरी रेस दीड-दोन हजारावर धरायला सांगा आणि पुन्हा बघा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान हवेत. 15 च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, ज्याला आपल्याकडे जुने लोक अजून कटआउट म्हणतात. मग बॅटरी आतल्या आत उकळते आणि पाणी लवकर आटतं. आठ महिन्यांत बॅटरी मरायचं तेही एक कारण असतं, त्यामुळे पाण्याची पातळी बघाच.

आता तुमचा मंद दिवा. तुमच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत त्या दिव्याच्या एका टोकाला चावीतून बॅटरीचा व्होल्टेज येतो, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. दोन्ही सारखे झाले की दिवा विझतो. मंद पेटतो म्हणजे दोन टोकांत थोडा फरक उरलाय. कारण कार्बनचं असेल, डायोड प्लेटचं (अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणाऱ्या भागाचं) असेल, नाहीतर अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या जाड वायरीचं. डायोडची परीक्षा सोपी आहे: मीटर एसीवर लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेलाय. असा डायोड उभ्या गाडीतही बॅटरी उतरवू शकतो.

वायर तपासायला मीटर डीसीवर घ्या आणि इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवा. एक दांडी अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायर, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) किंवा मधला मोठा फ्यूज खराब आहे. मग एक दांडी अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावून तेच करा. ही दुसरी चाचणी कुणी करत नाही. मीही केली नव्हती.

झालं असं की पासिंगच्या आधी गाडीच्या चासीला काळा रंग मारून घेतला. रंगवणाऱ्याने इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची विणलेली पट्टी सोडली आणि नंतर रंगावरच आवळून टाकली. पंधरा दिवसांत सेल्फ जड झाला. मी बॅटरी बदलली. महिन्याने तेच, म्हणून अल्टरनेटर बदलला. डॅशबोर्डचा दिवा मात्र रोज वेळेवर विझायचा, त्यामुळे चार्जिंगवर शंकाच येईना. दोष अर्थिंगचा असेल तर दिवा फसवतो, हे नंतर कळलं. त्याची दोन्ही टोकं प्लसच्या बाजूची, मायनसच्या वाटेत वाया जाणारा व्होल्टेज त्याला दिसतच नाही.

एका रात्री घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलो आणि गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टकटक, आणि प्लास्टिक जळाल्याचा वास. शेजारच्या टेम्पोवाल्या काकांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ॲक्सिलरेटरच्या केबलीला हात लाव बघू." लावला तर चटका बसला. सेल्फ शेकड्यांनी ॲम्पिअर ओढतो. त्याला परतीची वाट बंद झाली म्हणून तो करंट त्या बिचाऱ्या केबलीतून वाट काढत होता. काकांनी जम्परची एकच वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला. चावी मारली आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू. वाशीला माल खाली केला तोवर वायर तशीच बांधलेली होती.

घरी येऊन ती काढली आणि मीटर लावला. अल्टरनेटरवर 14.3, बॅटरीवर 12.9. प्लसच्या वाटेत 0.1 चा फरक, मायनसच्या वाटेत 1.3. पट्टी सोडली, पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड पांढरं केलं, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन फासलं. खर्च पॉलिश पेपरचा. जुना अल्टरनेटर अजून पोत्यात पडलाय, त्याला काही झालेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडते का बघू" ही जुनी परीक्षा. ज्या डिझेल इंजिनाला इंधन यांत्रिक पंपाने मिळतं, त्याला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज उरत नाही, त्यामुळे गाडी बंद पडली नाही म्हणून चार्जिंग ठीक असं ठरत नाही. वर वायर सुटताना व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात डायोड जातात, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर त्याचंही भलं होत नाही.

दोष कुठलाही निघो, दुरुस्तीनंतर बॅटरी एकदा बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरून घ्या. पार उतरलेली बॅटरी छोट्या-छोट्या फेऱ्यांत भरत नाही, आणि मग केलेल्या दुरुस्तीवरच उगीच शंका येते. अल्टरनेटरखाली बोट फिरवल्यावर काय लागलं ते आणि मायनसच्या वाटेचं रीडिंग इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.