३५ हजार देण्याआधी वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बार्शीत दिवाळीपासून लग्न, बारसं, डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागलात, कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत, फोटो इन्स्टाग्रामवर टाकता आणि ओळखीतल्या एकाने वेबसाइटचे ३५ हजार सांगितलेत. तुमच्या हातात आहेत ८ हजार. एवढ्यात होईल का, की वर्षभर थांबू, असं विचारलंत.

होईल, आणि पहिल्या वर्षी त्यातले निम्मेसुद्धा जाणार नाहीत. मी सांगली-मिरज भागात चौदा वर्षं लग्नाची कामं करतोय. एवढ्या काळात माझ्या तीन वेबसाइट झाल्या. पहिली हातची गेली. ती कशी गेली हे आधी सांगतो, कारण तुमच्याकडून तीच चूक होईल अशी मला भीती वाटते.

तेव्हा मला यातलं काहीच कळत नव्हतं. ओळखीच्या एका मुलाला १८ हजार दिले आणि त्याने सगळं करून दिलं. साइट दिसायला छान होती. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. तीन वर्षांनी तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, त्याचा नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहिल्या. मुदत संपल्यावरही मूळ मालकाला काही आठवडे नाव परत घेता येतं, पण मला पत्ताच नव्हता. एका नवरदेवाच्या भावाने फोन केला, "दादा, तुमच्या साइटवर काहीतरी भलतंच उघडतंय." नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं आणि तिथे जाहिराती लागल्या होत्या. तोवर चारशेच्या आसपास अल्बमच्या शेवटच्या पानावर तो पत्ता मी सोनेरी अक्षरांत छापून दिला होता. ते अल्बम आजही लोकांच्या कपाटात आहेत.

म्हणून पहिला पैसा डोमेनवर घाला आणि ते काम दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. नाव विकणाऱ्या कंपनीकडचं खातं तुमचं, ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, नोंदणीत मालक म्हणून नाव तुमचं. ऑटो रिन्यू, म्हणजे आपोआप नूतनीकरण, चालू ठेवा. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. पहिल्या वर्षाचा भाव शंभर-दोनशे दाखवतात त्याला भुलू नका. दुसऱ्या वर्षापासूनचा दर त्याच पानावर बारीक अक्षरात असतो, तो बघा. साधारण हजार ते दीड हजार धरून चाला, वर १८ टक्के जीएसटी.

नाव ठरवताना एक परीक्षा घ्या. कार्यालयात बँजो वाजत असताना नवरीच्या मामांना ते नाव एकदाच सांगा आणि त्यांना फोनमध्ये टाइप करायला लावा. जमलं तर नाव चांगलं. स्पेलिंग समजावून सांगावं लागलं, मध्ये आडवी रेघ आली किंवा शेवटी एस आहे की झेड असा प्रश्न पडला, तर दुसरं नाव शोधा. तुमचं नाव आणि पुढे फोटोग्राफी, एवढं पुरेसं असतं.

आता साइट बनवायची कुठे? तुम्ही लिहिलंय की एडिटिंगसाठी लाइटरूमचा महिन्याचा प्लॅन भरता. मग तुमचं काम जवळजवळ झालेलंच आहे. त्या प्लॅनमध्ये अडोबी पोर्टफोलिओ, म्हणजे तयार साच्यांवर साइट बनवायची सोय, आधीपासून असतं, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि स्वतःचं डोमेन त्याला जोडता येतं. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. साचे मोजके आहेत, पण फोटो चांगले दिसतात आणि मोबाइलवर नीट उघडतात. एका रविवारी दुपारी बसलात तर संध्याकाळपर्यंत साइट उभी राहते. अडचण एकच. लाइटरूमचा प्लॅन बंद केला की साइटही बंद.

दुसरा रस्ता वर्डप्रेसचा. साइट बनवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते ठेवायला होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवरची जागा, विकत घ्यावं लागतं. तिथेही डोमेनसारखाच खेळ: महिन्याचा भाव दिसतो तो तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच, आणि मुदत संपली की दर दुप्पट-तिप्पट. सुरक्षेचं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं आणि चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप बसतं. त्याचे कुणी वेगळे दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नका. वर्डप्रेसला अपडेट आणि बॅकअप वेळेवर करावे लागतात. सीझनमध्ये रोज रात्री दोनला घरी येणाऱ्या माणसाकडून ते होत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं पोर्टफोलिओवर काढा, गरज वाटली तर मग वर्डप्रेसवर जा. डोमेन तुमचं असलं की घर बदललं तरी पत्ता तोच राहतो. ३५ हजारवाल्या ओळखीच्यांनाही तेव्हा विचारता येईल, आणि तोवर नक्की काय हवंय हे तुम्हाला कळलेलं असेल.

खरी मेहनत आहे ती फोटोंवर. माझी दुसरी साइट होती तेव्हाची गोष्ट. तासगावकडे एका चहाच्या टपरीवर मुलीचे वडील भेटले. मोटारसायकलला टेकूनच त्यांनी फोन काढला, माझी साइट उघडली. पांढरा पडदा, मध्ये गोल फिरतंय. चहा आला, चहा संपला, पहिला फोटो वरून निम्मा दिसला होता, नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत. त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "बघतो घरी गेल्यावर." ती ऑर्डर आली नाही. मी कॅमेऱ्यातून निघालेल्या मोठ्या फाइली तशाच चढवल्या होत्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल, एकेक जेपीईजी सहज १० एमबीची. असे वीस फोटो म्हणजे २०० एमबी, आणि ते गावाकडच्या नेटवर्कवर.

लाइटरूममधून एक्स्पोर्ट करताना लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवा. फाइल तीनशे ते पाचशे केबीत बसते आणि मोबाइलवर काही फरक दिसत नाही. रेझोल्यूशनच्या रकान्यात ७२ की ३०० यावर डोकं खपवू नका, पडद्यावर त्याचा काही संबंध नसतो. कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंग साठवायची पद्धत, मात्र एसआरजीबीच हवी. अडोबी आरजीबीत काढलेला हळदीचा फोटो कितीतरी पडद्यांवर मळकट दिसतो आणि लोकांना वाटतं फोटोग्राफरलाच रंग जमत नाही. तिथेच लोकेशनची माहिती काढून टाकायची खूण आहे, ती करा. तुम्ही बाळांचे फोटो घरी जाऊन काढता. मोबाइलने काढलेला एखादा फोटो त्यात मिसळला असेल तर त्या घराचा पत्ता फाइलमध्ये लपलेला असतो.

किती फोटो टाकायचे? पंचवीस, जास्तीत जास्त तीस. आणि त्यातला एक भाग म्हणजे एकच लग्न, सुरुवातीपासून शेवटपर्यंत: सीमांतपूजन, हळद, अंतरपाट, लाजाहोम, पाठवणी. बार्शीतला ग्राहक तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, आमच्या कार्यालयात, तिथल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, आमची माणसं कशी दिसतील? त्याचं उत्तर साध्या कार्यालयातल्या फोटोंनी मिळतं. अंतरपाट खाली येताना दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते एकदा नीट पकडलेलं असलं की ड्रोनचे दहा शॉट नसले तरी चालतं. वर्कशॉपमध्ये मॉडेल उभी करून काढलेले फोटो टाकू नका. ती प्रकाशयोजना तुमची नसते आणि ग्राहक नेमकं तेच मागतो.

यातली कायद्याची बाजू आपल्या धंद्यात फार कमी जणांना ठाऊक आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो "मी काढले म्हणून माझे" असं होत नाही. बुकिंगच्या कागदावर एक ओळ छापून घ्या: निवडक फोटो वेबसाइट आणि इन्स्टाग्रामवर वापरायला परवानगी आहे की नाही, आणि खाली सही. नाही म्हणाले तर नाही. बाळांच्या बाबतीत आई-वडील दोघांना विचारा. अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो परवानगी असली तरी टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मजकूर मराठीत लिहा, इंग्रजी पान नंतर झालं तरी चालेल. एक सावधगिरी: अल्बमच्या डिझाइनसाठी आपण फोटोशॉपमध्ये जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप करतो. तो मजकूर उचलून साइटवर टाकला की चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येच, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर होतं तसंच, टाइप करा. मुक्ता हा मोफत फॉन्ट मोबाइलवर चांगला वाचता येतो.

दर लिहायचा की नाही यावर आपल्यात नेहमी वाद होतो. मी लिहितो. सगळा तक्ता नाही, पण सुरुवात किती रुपयांपासून, त्यात किती फोटोग्राफर, किती तास, अल्बमची किती पानं आणि किती दिवसांत मिळेल एवढं. लिहायला लागल्यापासून नुसते "रेट सांगा" म्हणणारे फोन कमी झाले, आणि येतात ते तारीख हातात घेऊनच येतात.

फॉर्म भरून कुणी फारसं संपर्क करत नाही, त्याचे मेलही बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतात. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावा. लिंक सोपी आहे: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, नंबरच्या आधी शून्य नको. त्या लिंकमध्येच आधी लिहिलेला निरोप घालता येतो. माझ्या निरोपात तारीख, गाव आणि कार्यालयाचं नाव यांच्या रिकाम्या जागा आहेत, पाठवणारा त्या भरतो.

गुगलवर व्यवसायाची मोफत नोंद करा आणि तिथे साइटची लिंक द्या. घरातून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देता ती गावं दाखवता येतात: बार्शी, वैराग, कुर्डुवाडी, जिथे जाता तिथली. पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. कॅमेरा, लाइट, बॅनर, कामाची जागा एकसलग दाखवा. अल्बम हातात दिल्या दिवशीच अभिप्राय लिहायला सांगा, आठवड्याने कुणी लिहीत नाही. सूट देऊन अभिप्राय घेऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

ग्राहकाला सगळे फोटो द्यायला साइट वापरू नका, त्याला ड्राइव्हची लिंक बरी.

सगळं झालं की साइट स्वतःच्या चांगल्या फोनवर बघू नका. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि एसटी स्टँडवर उभं राहून उघडा. पाच सेकंदांत पहिला फोटो दिसला पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की तुम्हाला यातल्या कशालाच वेळ मिळणार नाही, तेव्हा त्याआधीचे दोन रविवार काढा. आणि नाव ठरलं की आधी विकत घ्या, मगच इथे सांगा. साइट उभी राहिली की लिंक टाका, कुठले फोटो ठेवायचे आणि कुठले काढायचे ते एकेक बघून सांगतो.