चार्जरला घाई नको

प्रिय भाऊ,

तुझा चार्जरचा आराखडा सावकाश बसून पाहिला. जुन्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीतली निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी काढून तिथे लिथियम आयर्न फॉस्फेटचे ६४ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडून बसवायचे आणि गाडी घरच्या सॉकेटवर चार्ज करायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. अमेरिकेत कॅलकार्स नावाच्या गटातल्या मंडळींनी २००४ मध्ये टोयोटा प्रियसवर असाच प्रयोग केला होता, तोही साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घालून. त्या गाडीची मूळ बॅटरी जेमतेम १.३ युनिटची. तुझा ६४ सेलचा पॅक २५ अँपिअर-अवरचा, म्हणजे पाच युनिटच्या थोडा वर. रोजच्या जाण्यायेण्याला तो चांगला हात देईल.

पण चार्जर ३.३ किलोवॅटचा कशाला? एक किलोवॅटने लावलास तरी पॅक रात्रीतून सहा तासांच्या आत भरतो. गाडीत पेट्रोल आहेच, कोणी रस्त्यात अडकणार नाही. शिवाय ३.३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला चौदाच्या थोडे वर अँपिअर. तुमच्या रावेरकडे केळीच्या बागांतले पंप एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज १८० वर आलं, की तोच चार्जर तेवढीच पॉवर काढण्यासाठी अठराच्या वर अँपिअर ओढायला बघेल. सॉकेट १६ चं, मागची वायर कधीची कोण जाणे. म्हणून प्रोग्राममध्ये मर्यादा पॉवरवर घालू नकोस, इनपुट करंटवर घाल. व्होल्टेज पडलं की चार्जिंग हळू झालं पाहिजे. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले, तर रिलेने लाइन तोडली पाहिजे. आणि गेलेली लाइट आली की लगेच चालू व्हायचं नाही, दोन-तीन मिनिटं थांबायचं.

आता घरची लाइन आणि पॅक एकमेकांपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर. तू तो गाळला आहेस आणि का गाळला तेही कळलं. ६४ सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरले तर २३३.६ होतात, घरची लाइन रेक्टिफाय केली, म्हणजे एसीची डीसी केली, की शिखराला ३२५ मिळतात. मधे व्होल्टेज उतरवणारा एक बक कन्व्हर्टर टाकला की काम भागतं. स्वस्तही पडतं. पण मग घरची फेज आणि गाडीतला पॅक एकमेकांना थेट जोडले जातात. पॅकच्या एखाद्या वायरचं इन्शुलेशन बॉडीला घासून गेलं, की अख्ख्या पत्र्यात करंट. अंगणात सडा टाकलेला, कोणीतरी अनवाणी येऊन दार उघडतं. ही जोखीम मला कुठल्याही किमतीत मान्य नाही. हाय फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर घाल, पॅकचं कुठलंही टोक बॉडीला जोडू नकोस, सॉकेटवर करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लाव, आणि अर्थिंग मिळत नसेल तर चार्जर सुरूच होणार नाही अशी तपासणी ठेव. आपल्याकडच्या किती घरांत अर्थिंगची वायर नुसती पिनपर्यंत येऊन थांबलेली असते, ते तू पाहिलंच असशील.

सगळ्यात जास्त डोकं मात्र चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यावर खर्च कर. या सेलचं व्होल्टेज म्हणजे रावेरहून पालला जाण्यासारखं आहे: बराच वेळ सपाट रान आणि मग एकदम सातपुड्याचा चढ. ३.३ च्या आसपास तासन्तास काही हलत नाही. मग एखादा सेल काही मिनिटांत ३.६५ गाठतो, बाकीचे ३.४ वरच असतात. पॅकचं एकूण व्होल्टेज पाहणाऱ्या चार्जरला यातलं काही दिसत नाही. बीएमएस, म्हणजे पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, पुढे गेलेल्या सेलमधून रेझिस्टरवाटे करंट जाळून टाकतो, पण स्वस्त बीएमएसमध्ये तो जेमतेम ५०-१०० मिलिअँपिअर असतो. तुझा चार्जर त्या वेळीही दोन अँपिअर ढकलत असेल, तर त्या जाळण्याला काही अर्थ उरत नाही. बीएमएस कंटाळून कॉन्टॅक्टर (पॅक जोडणारा मोठा रिले) सोडतो आणि पॅक असमतोलच राहतो. म्हणून चार्जरने कॅन लाइनवर, म्हणजे बीएमएसशी बोलायच्या तारेवर, सर्वांत पुढे गेलेल्या सेलचं व्होल्टेज ऐकावं आणि त्याप्रमाणे करंट उतरवत थेट बॅलन्सिंगच्या पातळीपर्यंत आणावा. बीएमएसचा निरोप काही सेकंद आला नाही, तर बंद. मी चांगला चार्जर ओळखतो तो यावरून, किती किलोवॅटचा आहे यावरून नाही.

उन्हाळ्याचं तर तुला वेगळं सांगायला नको. बऱ्याच सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांची असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच तेवढी तापते. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभ्या गाडीचा पॅक संध्याकाळी सातलाही गरमच असतो. तेव्हा चार्जिंग मध्यरात्रीनंतर सुरू होऊन गाडी निघायच्या जरा आधी संपेल असा टायमर ठेव. पॅक भरलेल्या अवस्थेत तापत पडून राहत नाही, हा दुसरा फायदा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घे. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. फॅनवर भरवसा ठेवू नकोस. जिनिंगच्या हंगामात हिटसिंकच्या फटींत कापसाची तूस आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो, बोटाने खरवडून काढावा लागतो. एक किलोवॅटला बंद डबा आणि बाहेरून रुंद फिन्सचं ॲल्युमिनियम पुरतं.

पहिली चाचणी पॅकवर नको. सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून चार्जरला लाइन दे, आउटपुटला हीटरच्या कॉइल्स जोड. बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर मीटर धरून आकडा उतरलेला पाहिल्याशिवाय हात घालू नकोस. पॅकच्या बाजूला फ्यूज डीसी रेटिंगचाच हवा, एसीचा फ्यूज डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना उडणारी ठिणगी, विझवेलच असं नाही. गाडी रस्त्यावर आणायची असेल तर हायब्रिड रेट्रोफिटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. ते आताच वाचून ठेव, म्हणजे नंतर डबा उघडून बदलावा लागणार नाही.

आता एक काम कर. ज्या सॉकेटवर गाडी लागणार आहे, तिथे आठवडाभर संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाचं व्होल्टेज नोंदव, एकदा नुसतं आणि एकदा एक किलोवॅटचा हीटर लावून. दोन्हींतला फरक मला कळव. त्यावरून तुमच्या वायरिंगचा अंदाज येईल, मग इनपुट व्होल्टेजची खालची मर्यादा ठरवू.

तुझा,
काका